त्र्याहत्तरावा आकडा

४ जानेवारी
लॉन्ड्रीच्या वरची खोली

मामा,

आधी खाली बस. चष्मा लाव. दार नेहमीसारखं उघडं टाकून आला असशील, ते राहू दे.

'भुयार' चाललं!

तुझं 'भुयार', मामा. तीन वर्षांपूर्वी तू मला त्याचा सगळा कोड एका डिस्कवर घालून दिला होतास, 'जप' म्हणाला होतास. मी जपला. पाच खोल्या बदलल्या, दोन नोकऱ्या सोडल्या, एक सोडायच्या आधीच सुटली, पण डिस्क मोज्यात गुंडाळून जपली. आणि आता ते बावीस वर्षांपूर्वीचं, टेबलभर संगणकावर चालणारं 'भुयार' माझ्या तळहातावर चालतंय. हा एक जुना खेळायचा डबा आहे, बिजागरी मोडलेला. कंपनीने त्याला कुलूप घातलंय, की आम्ही विकू तेच खेळ यात चालतील. ते कुलूप पोरांनी कधीच काढलं. आता ज्याला जे वाटेल ते तो घरबसल्या यात बसवतो. कुणी सांगत नाही, कुणी विकत नाही, निव्वळ हौस. फोन देऊन बदल्यात डबा घेतला, म्हणून हे पत्र. फोनवर तू तसाही ओरडतोस.

काल दुपारी सव्वातीनला स्क्रीन काळा झाला, मग करडा, आणि मग ती पहिली गल्ली! समोर बंदुकीचं टोक, दोन्हीकडे दगडी भिंती, लांबून राक्षसाचा घोगरा आवाज. मी अशी किंचाळले की खालच्या लॉन्ड्रीवाल्या काकू इस्त्री हातात घेऊनच जिना चढून आल्या. त्यांना वाटलं मला करंट बसला. त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक आहे, तो रुमालसुद्धा इस्त्रीला टाकतो, त्याचं काय झालं ते... जाऊ दे, मुद्द्यावर येते.

दोन अडचणी. एक, डब्यात जागा फार कमी. कोडमध्ये 'पडदा' नावाची एक फाइल आहे, बरीच जागा खाते. ती कशासाठी? ठेवू की काढू? दोन, कोनांचं कोष्टक. पाव वर्तुळाचे दोनशे छप्पन्न आकडे तू ओळीने लिहून ठेवलेत, म्हणजे चालताना आणि वळताना खेळाला गणित करत बसावं लागत नाही, नुसतं कोष्टकात बघायचं. मी गंमत म्हणून ते पुन्हा काढून ताडून पाहिले. दोनशे पंचावन्न बरोबर. त्र्याहत्तरावा चूक! २८३८३ हवा, तू लिहिलायस २८३३८. म्हणूनच बहुतेक त्या एका कोनात वळलं की भिंती जराशा थरथरतात. आईने पाहिलं असतं तर लाल शाई घेऊन बसली असती. छापखान्यात इतकी वर्षं कोष्टकांची प्रुफं तपासून तिला चुकीच्या आकड्याचा वास येतो.

आईवरून आठवलं. दोन वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. डिप्लोमा अर्धवट सोडला म्हणून तिने माझा पहिला डबा पाण्याच्या बादलीत बुडवला होता, ते तुला माहीतच आहे. बुडबुडे येईपर्यंत धरून ठेवला होता, मामा! एखाद्या मांजराला बुडवावं तसा. लहानपणापासून 'मामाकडे बघ, मामाने नाव काढलं' हे ऐकत आले. आता मामाने एकदा तिला सांगावं, की भटकभवानीनेही काहीतरी धड केलं. तू सांगितलंस तर ती ऐकेल. मी सांगितलं तर बादली शोधेल.

तुझी,
भवानी


११ जानेवारी

भवाने,

पत्र तीनदा वाचलं. मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'आता तरी हा माणूस दुसरं काही बोलेल असं वाटलं होतं.' तिला काय कळतंय!

पोरी, तू मला गदागदा हलवलंस. 'भुयार' नंतर माझ्या हातून दुसरा खेळ झाला नाही हे तू जाणतेसच. लोक विचारतात, मी म्हणतो, 'एकदाच वीज पडते.' ती वीज तू तळहातावर धरलीस!

आता योग बघ. जुने खेळ जपणाऱ्या मंडळींचा मेळावा बावीस फेब्रुवारीला आहे. तिथे माझा सत्कार ठरलाय. तुझा डबा मोठ्या पडद्याला जोडायचा आणि सगळ्यांसमोर चालवायचा. पहिल्या चित्रावर माझं नाव ठळक हवं हं. तुझं खाली, लहान अक्षरात. लाजू नकोस. ताईला मी स्वतः बोलावतो. पहिल्या रांगेत बसवतो. तिच्या डोळ्यांदेखत सांगतो की ही माझी भाची.

तुझ्या अडचणी किरकोळ आहेत. 'पडदा' मला आठवत नाही, काहीतरी अडगळ असेल, काढून टाक. आकडा ही टायपिंगची चूक. त्या वेळी दिवसाला सोळा तास बडवत होतो, एखादं बोट घसरणारच. दुरुस्त कर. एवढ्याशा गोष्टींना विचारत जाऊ नकोस.

मामा


१९ जानेवारी
काकूंची गच्ची, चादरींच्या मधे

मामा,

मी हादरलेय. थट्टा नाही, चहा कपातच निवला.

तू म्हणालास तसं केलं. 'पडदा' काढला, आकडा सुधारला. मग डबा ठेवला उशीवर आणि हात झाडले. तुला आठवतंय ना, 'भुयार' सुरू करून कुठलंही बटण दाबलं नाही की अर्ध्या मिनिटाने ते आपलं आपणच खेळून दाखवतं? नमुन्याचा खेळ. मला आधी वाटायचं तो व्हिडिओ आहे, म्हणून न बघता बटण दाबून पुढे जायचे. व्हिडिओ कसला! कुणीतरी बावीस वर्षांपूर्वी एकदा खेळलं, तेव्हा कुठल्या क्षणाला कुठलं बटण दाबलं एवढीच यादी साठवलीय. खेळ ती बटणं पुन्हा दाबतो. पावलं, वळणं, गोळ्या, सगळं त्याच गणिताने पुन्हा घडतं.

तर नमुना सुरू झाला. गडी पहिल्या गल्लीतून चालला, डावीकडे वळला, दाराशी आला आणि चौकटीला अडकला. केसभर बाजूला पडलं पाऊल. पण यादीला कुठे माहीत? यादी म्हणतेय 'पुढे चल', हा भिंतीवर डोकं आपटत पुढे चालतोय. यादी म्हणतेय 'गोळी झाड', हा भिंतीला गोळ्या घालतोय. राक्षस आला, शांतपणे मागे उभा राहिला आणि मारून टाकलं याला. मेल्यावरही यादी चालूच, मामा! मेलेल्या माणसाची बंदूक चालवायचं बटण दाबलं जातंय. दीड मिनिट! मी बघत बसले. काकू म्हणाल्या, 'हा कोण, तुझा होणारा नवरा का?'

एका आकड्याने, मामा. तू 'बोट घसरलं' म्हणालास तो आकडा बरोबर केला आणि माणूस मेला.

दुसरं. मोठ्या दालनात, खांबांच्या तिथे, खेळ गोगलगायीसारखा सरपटतोय. आधी असं नव्हतं. काय करू? आणि तो नमुना खेळला कोण होतं?

भवानी


२४ जानेवारी

भवाने,

नमुना मीच खेळलो, आणखी कोण खेळणार? चालत नसेल तर काढून टाक, मेळाव्यात कुणी नमुना बघायला येत नाही. दालन हळू चालतं तर चालू दे, लोक सांभाळून घेतात. आकड्यांत शिरू नकोस. पहिल्या चित्राचं बघ. माझं नाव कुठल्या रंगात घालतेस ते कळव. सोनेरी बरं दिसेल.

घाईत,
मामा


३० जानेवारी
तिथेच

मामा,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

नमुना काढून टाकायला माझा हात धजावला नाही. वाटलं, काढायच्या आधी एकदा शेवटपर्यंत बघू तरी. म्हणून त्र्याहत्तरावा आकडा पुन्हा चुकीचा केला, २८३३८. सुरू केलं.

पुरा चालला. एक मिनिट बावन्न सेकंद. दालनात सरपटला, पण चुकला नाही.

पहिल्या दारातून गडी आत गेला. मग थांबला. मागे वळला. आणि त्याने दार लावलं.

मामा, 'भुयार'मध्ये कुणीही दार लावत नाही. गरजच नाही. मी हजार वेळा खेळलेय, माझ्या सगळ्या मित्रांनी खेळलंय, दार उघडायचं आणि सुटायचं. लावायला वळलं की जीव जातो. आणि हा गडी दुसऱ्या दारातून गेला, वळला, लावलं. तिसऱ्याला मागून राक्षस धावत येतोय, दोन गोळ्या उरल्यात, आणि हा दार लावतोय! सहा दारं होती. सहाच्या सहा लावली. शेवटचं लावल्यावर पुन्हा एकदा ढकलून बघितलं, नीट बसलं का.

मी डबा खाली ठेवला. बिछान्यावर बसले.

मामा, तू आयुष्यात एक तरी दार लावलंयस का? आजी म्हणायची, 'दार लावलं की याचं शेपूट अडकतं.' तुझ्यामुळे लिफ्टचं दार उघडं राहिलं आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा अर्धा तास खाली ताटकळले होते. मामी तुझ्या मागे मागे दारं लावत फिरते. आणि दार लावून पुन्हा एकदा ढकलून बघणारं माणूस मला जगात एकच माहीत आहे. 'घर आहे की धर्मशाळा?' असं म्हणत बघणारं.

मी चुकत असेन तर एका ओळीत सांग, मी तुझे पाय धरीन. 'पडदा' काय करतो, मामा? तू लिहिला असशील तर तुला माहीत असणार. आकडा चुकीचा का आहे? तुझं बोट घसरलं असेल तर घसरून बरोबर कसं चालतं?

भवानी


२ फेब्रुवारी

भवाने,

हे काय भलतंसलतं लिहितेस? ऊन लागलं का? ताईला यातलं काही लिहू नकोस. मी भेटून बोलतो. ताईला लिहू नकोस.

मामा


२ फेब्रुवारी

आई,

मी आहे.

दोन वर्षांनी लिहितेय आणि मायना काय घालावा कळत नाही, म्हणून सरळ विचारते. 'भुयार' मधला नमुना तू खेळली होतीस का? आणि कोष्टकातला त्र्याहत्तरावा आकडा?

मी 'भुयार' एका छोट्या डब्यात बसवलंय. तोच, तू बुडवलास त्याचा धाकटा भाऊ. सगळं चालतं, फक्त खांबांच्या मोठ्या दालनात सरपटतं. मामाला आकड्याचं विचारलं तर म्हणाला टायपिंगची चूक. मी मानलं. मग काल सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून शिवायला घेतलं. शाळेपासून तू माझ्या प्रत्येक सदऱ्याला एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावायचीस, तिसरं, दोरीवरून कुणाचा कुणाला जाऊ नये म्हणून. माझी मी शिवते तरी तिसरं बटण वेगळ्याच दोऱ्याने शिवते, का ते मला कधी कळलं नव्हतं. सुई हातात तशीच राहिली, आई.

तू नाही म्हणालीस तरी चालेल. पण नाहीच असेल तर तसं लिही, गप्प बसू नकोस.

तुझी
(काय लिहू?)


९ फेब्रुवारी

भटकभवानी,

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. खुणा करून सोबत परत पाठवते आहे.

हो.

तुझं पत्र छापखान्याच्या पत्त्यावर आलं. मी ते उभ्याने उघडलं आणि वाचून खाली बसले. मालकांनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, नाही, कुणीतरी विचारलं.

बावीस वर्षं, बाळा. किती लोक ते खेळले असतील. त्या कोनात भिंती थरथरतात हे सगळ्यांना दिसायचं, कोणी त्याला भुताटकी म्हणायचं, कोणी काही. का थरथरतात, एकानेही विचारलं नाही. तुझ्या मामाने तर नाहीच.

ऐक. छापखान्यात पहिला संगणक आला तेव्हा तो मला शिकवला, कारण आकड्यांची कामं माझ्याकडे होती. तयार हिशेबांची रेडी रेकनर, भरती-ओहोटीची कोष्टकं, पंचवीस वर्षांची कॅलेंडरं. तुझा मामा तेव्हा माझ्याकडे राहून शिकत होता. तुझे बाबा जहाजावर, तू पोटात. मामाने राक्षस काढले, बंदुका काढल्या, आवाज केले. ते चांगलेच आहेत, त्याच्या हातात चित्र होतं. पण त्याचे राक्षस कागदावर उभे होते. त्यांना चालायला जागा मी केली. भिंती, दारं, वळणं, गणित. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून. सात महिने.

मग खेळ विकत घेणाऱ्यांनी भेटायला बोलावलं. मला सातवा सरत आलेला, डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलेलं. मीच मामाला म्हटलं, 'तू जा. तुझं नाव सांग. मग बघू.'

त्याला चोर म्हणू नकोस. 'मग बघू' हे माझेच शब्द. ते 'मग' त्याने आणलं नाही आणि मी मागितलं नाही. त्याचा पहिला सत्कार झाला तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते, तू मांडीवर. त्याने सगळ्यांचे आभार मानले. चहा आणून देणाऱ्याचेही मानले. मी वाट बघत होते. टाळ्या संपल्या, तू रडायला लागलीस, मी उठले. बाहेर आले आणि दार लावून घेतलं.

आता आकडा. आमच्याकडे रीत आहे. दर कोष्टकात एक आकडा मुद्दाम चुकवायचा. असा, की वापरणाऱ्याचं नुकसान होऊ नये, पण कुणी आपलं पुस्तक चोरून छापलं तर त्या आकड्यावरून पकडता यावं. तो कुठला, हे मालकांना आणि मला एवढंच ठाऊक. 'भुयार'चं कोष्टक करताना हात सवयीने थांबला. त्र्याहत्तराव्याला शेवटचे दोन आकडे फिरवले. तेव्हा मनात काही नव्हतं. भावाशी कोणी असं वागतं का? नुसती सवय, तुझ्या बटणासारखी. नंतर मात्र रोज मनात यायचं, की एक दिवस कुणीतरी त्याला विचारेल आणि त्याला सांगता येणार नाही.

बादलीचं सांगते. तुला वाटतं मी डिप्लोम्यावरून चिडले. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देता आली असती. तू त्या दिवशी डबा नाचवत आलीस आणि म्हणालीस, 'आई, मी यात 'भुयार' बसवणार आणि वर मामाचं नाव सोन्याच्या अक्षरात घालणार.' पुढचं मला आठवत नाही. पाणी गार होतं एवढं आठवतं. मला माफ कर. तुझ्यासमोर मी माझ्याच वस्तूचा जीव घेतला आणि तुला वाटलं तुझा घेतला.

माझं नाव घालू नकोस. तू घातलंस तर ते तू घातलेलं असेल.

आणि दालनात सरपटतं म्हणतेस, म्हणजे 'पडदा' काढलास. काढायचा नव्हता. स्क्रीनवरची एकेक उभी रेघ जवळच्या भिंतीने झाकली गेली की 'पडदा' तिथे खूण करतो, म्हणजे तिच्या मागचं काही काढायचं नाही. तो नसला की तुझा डबा प्रत्येक खांबामागचा प्रत्येक खांब काढत बसणार, आणि मग त्यावर पुढचा रंगवणार. फुकटचे कष्ट. परत घाल. जागा कमी पडत असेल तर प्रत्येक रेघेला मोठा आकडा ठेवू नकोस, झाकली की नाही एवढंच ठेव. सोबत पेन्सिलीने लिहून दिलंय, प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदावर. अक्षर लहान आहे, उजेडात वाच.

आई


१३ फेब्रुवारी
लॉन्ड्रीच्या वरची खोली, उजेडात

मामा,

सोबत डबा पाठवतेय. मी मेळाव्याला येणार नाही. आले तर तुझ्याकडे बघता येणार नाही आणि आईकडे तर त्याहून नाही.

मी आईला लिहिलं. तिने उत्तर दिलं. तुला ती चोर म्हणत नाही. मी म्हणत होते, आता दमले.

आकडा चुकीचाच ठेवलाय. नमुना ठेवलाय. 'पडदा' परत घातलाय, एका पाठकोऱ्या कागदावरून, आणि दालन आता लोण्यासारखं चालतं. मी तो कागद बघून दोन दिवस जेवले नाही. एवढ्याशा पेन्सिलीने, मामा! जी बाई टीव्हीचा रिमोट माझ्याकडे देऊन 'तूच लाव बाई, मला कळत नाही' म्हणायची, ती!

पहिल्या चित्रावर नावाची जागा रिकामी आहे. बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर निवडायचं, मग गोल बटण. एकदा दाबलं की ते नाव डब्यात कायमचं बसतं, पुसता येत नाही. कितीही लांब लिही, जागा दोघांना पुरेल एवढी आहे.

रंग सोनेरीच ठेवलाय.

भवानी


२४ फेब्रुवारी

भवाने,

लिहायला दोन दिवस लागले. मामीने तीनदा विचारलं, बरं आहे ना.

सभागृह तेच, माझ्या पहिल्या सत्काराचं, भरलेलं. ताई आली होती. पहिल्या रांगेत, त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर, बावीस वर्षांपूर्वी जिथे होती. मी तिला बोलावलं होतं ते तुझं पत्र यायच्या आधी. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

खोटं बोलत नाही तुझ्याशी. डबा हातात घेतला तेव्हा मी माझंच नाव घालणार होतो. पहिलं अक्षर निवडलंही. इतक्या वर्षांची सवय, भवाने, मला खरंच वाटायला लागलं होतं की ते सगळं मीच केलं. रात्रंदिवस तेच सांगितलं की माणसाला तेच आठवतं. मग बोट उचललं. दुसरं अक्षर शोधायला इतका वेळ लागला की डब्याला वाटलं कुणी खेळतच नाही, आणि तुझा तो नमुना सुरू झाला. एवढ्या मोठ्या पडद्यावर.

पहिलं दार. वळला. लावलं. लोक हसले. दुसरं दार, लावलं. पुन्हा हसले. तिसऱ्याला कुणी हसलं नाही. एक टकला गृहस्थ उभा राहिला, म्हणाला, 'सर, लहानपणापासून विचारायचं होतं. हा दारं का लावतो? आणि त्या कोनात भिंती का थरथरतात?'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. ओठ हलत होते. दारं मोजत होती.

मी म्हणालो, 'मला माहीत नाही.' माइकमध्ये फार मोठ्याने ऐकू आलं ते. मग म्हणालो, 'जिने केलं ती इथे बसली आहे. तिला विचारा.'

सहावं दार लागलं, त्याचा आवाज आला.

ताई उठली नाही. बसल्या जागेवरून त्या गृहस्थाला म्हणाली, 'उघडं दार मला बघवत नाही. आणि भिंतीचं म्हणाल, तर तो आकडा मी चुकवलाय.' मग पर्समधून पेन्सिल काढून त्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर समजावून सांगायला लागली. तासभर सांगत होती. मागच्या रांगांतले लोक पुढे येऊन उभे. मला चहा द्यायला कुणी उरलं नाही. बरं झालं.

डब्यात तिचं नाव आधी घातलं. माझं खाली. चित्रांपुरतं.

निघताना मी तिच्यासाठी दार धरलं. ती म्हणाली, 'सोड, मी लावते.' एवढंच बोलली. अजून पुढचं काही बोललेली नाही. मी वाट बघतोय. ते मला आता शिकायला हवं.

मामा


१ मार्च

भटकभवानी,

त्या सभेपासून घरी लोक यायला लागलेत. काल तीन पोरं आणि एक आजोबा आले. बूट बाहेर काढायचं कळत नाही एकालाही. सगळ्यांना कोष्टक बघायचं असतं. जुनी वही माळ्यावरून काढली, वाळवी लागलेली नाही.

डबा मामाने माझ्याकडे दिलाय. मी दोन दिवस खेळले. खेळाच्या तिसऱ्या पायरीवर एक राक्षस भिंतीत अर्धा रुतून उभा राहतो, ती चूक तुझी आहे, माझी नाही. डाव्या बटणाला उशीर लागतो. बिजागरी मोडकी आहे, ती मी जाड दोऱ्याने बांधली आहे, लाल.

हे पत्राने होणार नाही. सामान फार नसेलच तुझ्याकडे. ये.

किल्ली शोधत बसू नकोस. दार लोटून घेतलंय, कडी लावलेली नाही.

आई